देवासला ९० खुर्च्यांचं उंची रेस्टॉरंट काढावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. देवासला एबी (आग्रा-मुंबई) रोडपासून जवळ, घरच्या जुन्या वाड्यात तुम्ही आणि तुमचे धाकटे बंधू मिळून ९० खुर्च्यांचं उंची रेस्टॉरंट काढताय. भांडवल १ कोटी १० लाख, त्यातले ६० लाख बँकेचं कर्ज. सजावटीचं कोटेशन ५५ लाखांचं. मेनूत १६० पदार्थ, शेफ पुण्याहून येणार, दसऱ्याला उद्घाटन, आणि २०२८ च्या उज्जैनच्या सिंहस्थाची गर्दीही हिशेबात धरलेली. देवासला असं एकही ठिकाण नाही, लोकांकडे पैसा आहे, मग चालेल ना, हा तुमचा प्रश्न.

मी इंदूरची. आधी हॉटेलांच्या किचनमध्ये नोकरी केली, नंतर दुसऱ्यांची रेस्टॉरंटं उभी करून द्यायचं काम धरलं. त्यातली बरीचशी महू, धार, खरगोन, रतलाम अशा गावांतली, म्हणून तुमचा प्रश्न मला जवळचा वाटला. तुमची जागा मी पाहिलेली नाही, तुमच्या हातची चव मला ठाऊक नाही, तेव्हा ‘चालेल’ किंवा ‘बुडेल’ असा शिक्का मी मारणार नाही. पण कागदावर आत्ता जे आहे ते तसंच उभं केलंत तर रविवारी ते भरेल आणि बुधवारी रिकामं राहील, आणि बँकेचा हप्ता बुधवारचाही असतो.

आधी ‘असं ठिकाण नाही’ हे वाक्य तपासू. कुणाला सुचलं नाही म्हणून नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. मला वाटतं ते ठिकाण आहे, फक्त ३५-४० किलोमीटरवर, इंदूरला आहे. एका जेवणावर दोन-अडीच हजार खर्च करू शकणाऱ्या देवासच्या घरात गाडी आहे आणि रविवारी ती इंदूरकडे वळते. ही मंडळी नुसती जेवायला जात नाहीत. खरेदी असते, मुलांचा सिनेमा असतो, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत काहीतरी खाणं होतं, रात्री उशिरा सराफ्यातल्या खाण्याच्या बाजारात चक्कर होते. या सगळ्याशी तुम्ही झुंबरं लावून बरोबरी करू शकणार नाही, आणि करायची गरजही नाही. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ज्या दिवशी इंदूरला जाणं जमत नाही तो दिवस. मुलाचा वाढदिवस शाळेच्या दिवशी आलाय. व्याही अचानक आलेत. आईला आता एवढा प्रवास झेपत नाही. कारखान्यात बाहेरगावचे पाहुणे आलेत आणि तीन तासांनी त्यांची परतीची गाडी आहे. लहान गावातलं महागडं रेस्टॉरंट या दिवसांवर जगतं, आणि हे दिवस बहुतेक सोमवार ते शुक्रवार यांच्यामध्ये येतात.

आता आकडे. ते माझ्या कामातल्या सरासरीवरून मांडतेय, तुमचे थोडे इकडे-तिकडे होतील. ९० खुर्च्यांना किचन आणि सर्व्हिस धरून २२ माणसं लागतील. त्यांचा पगार, राहणं, जेवण मिळून महिना ४ लाख ३० हजार. वीज आणि जनरेटर १ लाख १० हजार. पाणी, लॉन्ड्री, दुरुस्ती, हिशेबनीस, जाहिरात, तुटफूट मिळून १ लाख ५५ हजार. ६० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे १ लाख ३ हजार. म्हणजे एकही माणूस जेवला नाही तरी महिन्याला ८ लाख जाणार. शंभर रुपयांच्या विक्रीतले ३४ कच्च्या मालाचे आणि ६ गॅस, पॅकिंग, कार्डाचं कमिशन यांचे धरले तर हातात ६० राहतात. ८ लाख भरून काढायला १३ लाख ३३ हजारांची विक्री हवी. माणशी ५५० रुपये सरासरी धरा, कर सोडून. महिन्याला २,४२४ माणसं, दिवसाला ८१. चौकोनी कुटुंबाच्या हिशेबात ६०६ टेबलं.

ही ६०६ टेबलं कोण भरणार? असं जेवण एखादं घर दोन महिन्यांतून एकदा बाहेर घेतं असं धरा, आणि हे मी सढळ हाताने धरतेय. तर तुम्हाला १,२०० घरं हवीत, दर दोन महिन्यांनी परत येणारी, वर्षानुवर्षं. २०११ च्या जनगणनेत देवास शहराची लोकसंख्या २ लाख ८९ हजार होती, त्यात १,२०० घरं म्हणजे शंभरात दोनच घरं, असं म्हणून मन राजी होतं. पण ती शंभरातली दोन घरं इंदूरचीही आहेत, हॉटेलांतल्या लग्नांची आहेत, क्लबची आहेत. पहिले तीन महिने कुतूहलापोटी सगळे एकदा येतील. माझी काळजी चौथ्या महिन्याची आहे.

या आकड्यांत भाडं शून्य धरलंय, कारण जागा घरची आहे. ते तुम्ही धरू नका. तोच वाडा एखाद्या बँकेला किंवा कोचिंग क्लासला दिला तर जे भाडं आलं असतं, ते रेस्टॉरंटने महिन्याच्या महिन्याला घराला द्यायला हवं. दोघा भावांत हे आजच लिहून ठेवा. पुढे वाटणीची वेळ आली की फुकटच्या जागेवरून फार वाईट बोलणी होतात.

मग काय करावं? मी तुमच्या जागी ४४ खुर्च्यांनी सुरू करेन. त्याला १३ माणसं पुरतात. कर्ज निम्मं केलंत तर महिन्याचा बांधील खर्च ४ लाखांच्या आसपास येतो. विक्री लागते ६ लाख ६७ हजार, म्हणजे दिवसाला ४० माणसं आणि दोन महिन्यांतून एकदा येणारी ६०० घरं. हा आकडा मला देवासला गाठता येण्यासारखा वाटतो. रविवारी रात्री दोन पंगती उठल्या तर ८८ माणसं जेवतील, काही लोकांना थांबावं लागेल, एखादं घर परत जाईल. जाऊ द्या. ९० पैकी ७५ खुर्च्या रिकाम्या असलेल्या दालनात बसून जेवताना माणूस अवघडतो, त्याला वाटतं इथलं अन्न ताजं नसावं. ४४ पैकी १५ भरलेल्या असल्या तर तसं वाटत नाही. वाड्याचा दुसरा भाग बंद ठेवा, तिथे पुढे बारसं, डोहाळेजेवण, साठीशांत असे ३०-४० माणसांचे घरगुती कार्यक्रम घेता येतील. जुन्या वाड्याची खरी कमाई मला तिथे दिसते.

सोमवार ते शुक्रवार दुपारचं काय, हे तुमच्या योजनेत कुठेच नाही. देवासला बँक नोट प्रेस आहे, एबी रोडवर कारखाने आहेत. तिथल्या व्यवस्थापकाला पाहुण्यांना घेऊन जेवायला जागा हवी असते. त्याला झुंबर नको. शांत टेबल, ५० मिनिटांत जेवण आटोपणं आणि जीएसटीचं नीट बिल एवढंच हवं. त्यासाठी सहा-सात पदार्थांचं ठरावीक दुपारचं जेवण ठेवा. कंपनी ३०-४५ दिवस उधारी मागेल. दोन-तीन कंपन्यांपलीकडे ती देऊ नका, आणि दिलीत तर तेवढे पैसे खेळतं भांडवल म्हणून बाजूला असायला हवेत. दुसरं दुपारचं गिऱ्हाईक म्हणजे किटी पार्ट्या. माळव्यात याची ताकद पुरुष मालकांना उशिरा कळते. १५-२० बायका, बुधवारी दुपारी, माणशी ठरलेला दर. त्या समाधानाने गेल्या की पुढच्या वाढदिवसाचं टेबल त्यांच्याच घरून येतं. आणि त्या पहिलं काय पाहतात सांगू? स्वच्छतागृह. तिथे खर्च करा, भिंतीवरच्या पितळेच्या कोरीवकामावर नको.

शाकाहारी की दोन्ही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते तुमचा सर्वांत मोठा निर्णय तोच आहे. बारा जणांचा गट जेवायला निघतो तेव्हा जागा ठरवतो तो त्यातला सर्वांत कडक माणूस. कांदा-लसूण न खाणारी आत्या गटात असली तर बाकीचे अकरा तिच्यामागे जातात. तुमच्या ओळखीत जैन, माहेश्वरी, वैष्णव घरं जास्त असतील तर निव्वळ शाकाहारी ठेवा आणि जैन पदार्थ मनापासून करा, नुसता कांदा वगळून दिलेली पातळ ग्रेव्ही नको. देवासच्या मराठा घरांना चांगलं मटण हवंय हेही खरं आहे. दोन्ही करायचं असेल तर किचन खरोखर दोन हवीत, भांडी, फ्रीज, तेल, माणसं वेगळी, आणि ४४ खुर्च्यांना ते परवडत नाही. म्हणून माझा कौल शाकाहाराकडे आहे. तुमच्या बंधूंचा हात मटणावर बसलेला असेल तर मात्र उलट विचार करा.

१६० पदार्थांबद्दल मी थोडी कठोर होणार आहे. मोठा मेनू म्हणजे श्रीमंती असं आपल्याकडे वाटतं. रोज २०० माणसं येतात तिथे तो कसाबसा निभतो. ४० माणसांत १६० पदार्थ म्हणजे रोज सव्वाशे पदार्थांना एकही ऑर्डर नाही, पण त्यांचं सामान फ्रीजमध्ये. ब्रोकोली, झुकिनी, परदेशी चीज देवासला रोज मिळणार नाही, ते इंदूरच्या चोइथराम मंडीतून किंवा तिथल्या घाऊक दुकानातून आणावं लागेल. आणलेलं तीन दिवसांत खपलं नाही तर एक तर टाकायचं किंवा शिळं वाढायचं. गावात शिळं वाढल्याची बातमी संध्याकाळच्या आरतीपर्यंत पोचते. ४० पदार्थ पुरे. त्यातले निम्मे असे हवेत की जे घरी होत नाहीत: तंदूर, रात्रभर मंद आचेवर ठेवलेली डाळ, नीट फुगलेली खमिरी रोटी, गोडाचे दोन-तीन उत्तम पदार्थ. उरलेल्यांत माळवा दिसू दे, पण ऋतूप्रमाणे. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. दाल-बाफले (डाळीबरोबर खायचे उकडून भाजलेले कणकेचे गोळे) मी रोजच्या मेनूत घेणार नाही. ते प्रत्येकाच्या घरी चांगले होतात आणि शेतावर मित्रांबरोबर त्याहून चांगले लागतात. अळूवडी, मसालेभात, पुरणपोळी मात्र आठवड्यातून एक दिवस ठेवून बघा. देवास-इंदूरच्या मराठी घरांतली ही चव बाहेर फारशी मिळत नाही, आणि नव्या पिढीच्या घरी ती होईनाशी झालीय.

वाड्याच्या किचनकडे आता लक्ष द्या, कारण सजावटवाला ते तुम्हाला सांगणार नाही. एकूण जागेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं किचन धरा, भांडी घासायची जागा आणि कोठी त्यातच. जुनं लाकूड आहे, म्हणजे एक्झॉस्टचा नळ कुठून बाहेर काढायचा, तंदूर कुठे बसवायचा, अग्निशमनाची परवानगी कशी मिळणार, हे आधी सोडवा आणि मग दालनाचा नकाशा काढा. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी पेटी, पहिल्या दिवसापासून हवा, नाहीतर वाड्याची जुनी मोरी सहा महिन्यांत तुंबेल. आणि पाणी. १९९० साली देवासला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. आता परिस्थिती तशी नाही, तरी उन्हाळा उन्हाळाच आहे. स्वयंपाक, भांडी, हात धुणं, स्वच्छतागृह सगळं मिळून मी माणशी ३० ते ४० लिटर धरते. दोन दिवसांचा साठा होईल एवढी टाकी बांधा आणि एप्रिल ते जूनचा टँकरचा खर्च आत्ताच मांडा.

५५ लाखांच्या कोटेशनमध्ये कर धरलाय का, तेही बघा. धरला नसेल तर १८ टक्क्यांनी आणखी ९ लाख ९० हजार. स्वतंत्र रेस्टॉरंट गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेतं, पण त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. सजावट, एसी, ओव्हन, खुर्च्या, यांवर भरलेला कर तुमच्याच खिशातून गेला. अनेक जण हा पैसा परत येईल असं धरून चालतात आणि उद्घाटनाच्या आधीच खेळतं भांडवल संपवतात. मी सजावट २०-२२ लाखांत बसवा असं सांगेन. वाड्याचे खांब आणि चौक आहेतच, त्यांना झाकायला पैसे कशाला द्यायचे? उलट बांधील खर्चाचे सहा महिने, म्हणजे २४ लाख, वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना कामाच्या काळात हात लावू नका.

पुण्याच्या शेफबद्दल. तो उत्तम असेल. पण त्याचं कुटुंब पुण्याला राहणार, देवासला त्याच्या बरोबरीचं बोलायला कुणी नाही, आणि वर्षाच्या आत त्याला जास्त पगाराचं बोलावणं येणार. त्याला दोष देऊ नका. त्याच्याशी करारच असा करा की सहा महिन्यांत प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये लिहून द्यायचा आणि देवासची चार माणसं तयार करायची. त्या चारांत दोन बायका घ्या. डबे, पापड, सणाचं जेवण करून देणाऱ्या बायकांचा हात इतका पक्का असतो की त्यांना फक्त वजनकाट्याची आणि वेळेची सवय लावावी लागते. भोपाळच्या आयएचएममधून (हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेतून) प्रशिक्षणार्थी मिळू शकतात, त्यांना राहायला नीट खोली द्या. आठवड्याची सुट्टी कुणाचीही बुडवू नका. लहान गावात माणूस टिकला तर रेस्टॉरंट टिकतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्या गावातला माणूस तुमच्या दारासमोरून आठ वेळा जाईल आणि आत येणार नाही. पैसे नसतात म्हणून नाही. आत गेल्यावर मुलांसमोर आपला अवमान होईल अशी भीती असते. भाव माहीत नसतात, मेनूतले शब्द वाचता येत नाहीत, वाढणारा पोरगा इंग्रजीत बोलतो. ही भीती घालवणं तुमच्या हातात आहे आणि त्याला फारसा खर्च नाही. दाराबाहेर भावांसकट मेनू लावा. मेनू हिंदीत आधी, मोठ्या अक्षरात. कॅप्टनने, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्याने, हिंदीत, समोरचे मराठी बोलत असतील तर मराठीत बोलावं. बसल्याबरोबर साधं गाळलेलं पाणी, न मागता, बाटली घेणार का असं न विचारता. एक भाजी चौघांना पुरेल का असं कुणी विचारलं तर खरं उत्तर. सर्व्हिस चार्ज लावूच नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तो बिलात आपोआप लावायला मनाई केलीय, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली. शाळेतले मास्तर वर्षातून एकदा लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला घेऊन आले, दोघांत एक सूप आणि एक भाजी घेतली, तर त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं पाहिजे. ६०० घरं अशीच जमतात.

सिंहस्थ हिशेबातून काढून टाका. २०२२ मध्ये महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ परिसर झाल्यापासून उज्जैनची गर्दी वाढलीय, पण त्या वाटेवरच्या यात्रेकरूला लवकर, सात्त्विक आणि स्वस्त जेवण हवं असतं. देवासच्या माता टेकडीवरच्या देवीच्या नवरात्राचंही तेच. गर्दी अफाट, पण अर्ध्या लोकांचा उपास. म्हणून दसऱ्याचं उद्घाटन मला पटत नाही. शाकाहारी ठेवणार असाल तर श्रावणात, गाजावाजा न करता, फक्त संध्याकाळी २० खुर्च्यांवर सुरू करा. माणसांचा हात बसेल, चुका कळतील, दिवाळीला तुम्ही तयार असाल. मांसाहारी असेल तर श्रावण सोडा, दिवाळीनंतर उघडा. डिलिव्हरी पहिले सहा महिने नको. डब्यात गेलेली रोटी वातड होते आणि नाव तुमचं खराब होतं.

सजावटवाल्याला सही देण्याआधी एक काम करा. वही घ्या आणि ओळखीच्या ५० घरांत दोघे भाऊ जाऊन या. ‘आम्ही रेस्टॉरंट काढलं तर याल का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. गेल्या तीन महिन्यांत बाहेर कुठे जेवलात, कोणत्या वारी, किती जण होतात, बिल किती झालं, आणि जागा कुणी ठरवली, एवढंच विचारा आणि जसं सांगतील तसं लिहा. शनिवार-रविवार सोडून किती जेवणं निघाली तो आकडा मला कळवा. त्यावरून ४४ खुर्च्या बरोबर आहेत की त्याही जास्त होतात, ते सांगता येईल.